फिरोदियानंतर काय?

माझी भाची कॉलेजात असताना सलग दोन वर्षं फिरोदिया करंडकात उतरली होती. या स्पर्धेत एकाच सादरीकरणात नाट्य, गाणं, नाच, चित्र असं जमेल ते सगळं गुंफायचं असतं. भाची त्यात गायली, मुख्य भूमिका केली, वर रंगमंचावर उभ्या उभ्या मातीचा मुखवटाही घडवला. माझा दादा समोर बसून टाळ्या वाजवत होता. आज ती पंचवीस वर्षांची आहे आणि तोच दादा तिला म्हणतो, "गाणं की नाटक, काय ते एकदा ठरव. एक ना धड, भाराभर चिंध्या."

मागच्या रविवारी यावरून फोनवर आमचं चांगलंच वाजलं. मी त्याला मेरेट बेकर या जर्मन अभिनेत्रीबद्दल सांगत होते.

मी बर्लिनला आले तेव्हा जर्मन कानावर पडावं म्हणून रविवारी सव्वाआठला 'टाटओर्ट' बघायचे. १९७० पासून चाललेली ही गुन्हेकथांची मालिका अख्खा देश बघतो, काही बारमध्ये तर लोक एकत्र बसून बघतात. २०१५ ते २०२२ या काळात बर्लिनच्या भागांत निना रुबिन ही पोलीस अधिकारी मेरेट बेकर रंगवत होती. मला ती तेवढीच माहीत होती. मग एका मैत्रिणीने तिच्या गाण्यांच्या कार्यक्रमाला नेलं. लहानसं सभागृह, आणि ही बाई मांडीवर करवत धरून, ती वाकवून, तिच्यावर गज फिरवत होती. सुतार वापरतो तीच करवत. त्यातून निघणारा सूर ऐकून अंगावर काटा आला. नव्वदच्या दशकापासून ती हे करते आहे: चित्रपट, स्वतःचे गाण्यांचे अल्बम, कॅबरे, सर्कशीच्या अंगाने जाणारे प्रयोग. लोखंडाचे पत्रे आणि ड्रिल वाजवणाऱ्या आइनस्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या बँडसोबतही १९९६ मध्ये ती गायली. तिने एकच काहीतरी निवडावं, असं इथे कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

दादा लगेच म्हणाला, "तिचं घराणं बघ." त्यात तथ्य आहे. आईवडील दोघंही अभिनय करणारे, सावत्र वडील ओटो सांडर हे मोठे नट, भाऊ बेन बेकरही नट, आणि आजी रंगमंचावर लोकांना हसवणारी. असं घर प्रत्येकाला मिळत नाही.

पण माझ्या इमारतीत तळमजल्यावर एक बाई राहते, तिला कुणी ओळखत नाही. ती अकॉर्डियन वाजवते, मुलांसाठी कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करते, लग्नसमारंभात गाते. मागच्या हिवाळ्यात तिच्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली आणि तिला कर्ज काढावं लागलं नाही. १९८३ पासून इथे स्वतंत्र काम करणाऱ्या कलावंतांसाठी सामाजिक विम्याची व्यवस्था आहे. आरोग्य आणि निवृत्तिवेतनाचा निम्मा हप्ता कलावंत भरतो. उरलेल्या निम्म्यातला मोठा वाटा कलावंतांकडून काम करून घेणाऱ्या कंपन्या देतात, बाकीचा केंद्र सरकार. तिची एक कला एखाद्या वर्षी चालली नाही तरी दवाखान्याचं दार बंद होत नाही. दादाला खरी भीती याच दाराची आहे, चिंध्यांची नाही. तिकडे प्रत्येक चर्चेत आपण कलावंताच्या निष्ठेबद्दल बोलतो, त्याच्या विम्याबद्दल फार क्वचित.

बर्लिनचं सगळं छान आहे असंही नाही. २०२५ साठी या शहराने संस्कृतीच्या खर्चातून सुमारे १३ कोटी युरो कापले. सरकारी पैशावर उभ्या असलेल्या संस्था हादरल्या, आणि कात्री आधी लहान मंडळींपर्यंत पोचली. तेव्हा मला आपली व्यावसायिक रंगभूमी आठवली. ती आजही मुख्यतः तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकावर उभी आहे, आणि रविवार दुपारच्या प्रयोगाला 'हाउसफुल्ल'ची पाटी लागते. बर्लिनच्या त्या संस्थांकडे हे बळ नाही, आपल्याकडे आहे, याचा मला अभिमान वाटतो.

आणि निवडायला लावणं ही आपली रीत तरी कधी होती? ज्योत्स्ना भोळे १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात उभ्या राहिल्या त्या गाणं आणि अभिनय दोन्ही घेऊन. जयमाला शिलेदार, कीर्ती शिलेदार, फैय्याज... यांच्यातली गायिका कुठे संपते आणि नटी कुठे सुरू होते, हे कुणी दाखवावं. संगीत नाटकाला दोन्ही लागायचं, म्हणून घडणही दोन्हींची व्हायची. त्या नाटकाचे प्रयोग कमी झाले आणि अशा मुलींना उभं राहायला जागा उरली नाही. कॉलेजात आपण ती जागा काही आठवडे देतो, मग काढून घेतो.

दादा शेवटी गप्प झाला. मग म्हणाला, "तिच्या विम्याचा हप्ता किती येईल, बघतो." पुढच्या महिन्यात शनिवार पेठेतल्या एका छोट्या रंगमंचावर भाचीचा एकटीचा प्रयोग आहे. त्यात ती गाणारही आहे आणि मुखवटाही घडवणार आहे. मी तिकीट काढलंय, पुण्याचंही आणि विमानाचंही.