तोंडात पिल्लं सांभाळणारा प्रत्येक मासा आफ्रिकन नसतो

पुण्यात मासे पाळणाऱ्यांमध्ये सध्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तोंडात अंडी ठेवणारे मासे आफ्रिकन असतात, म्हणून पाण्यात खडेमीठ आणि शिंपले टाका, पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) आठच्या वर ठेवा. वाळू घालू नका, घाण अडकते. दोन फुटी टँकमध्ये एक जोडी पुरते. अंडी दिली की नर बाहेर काढा, तो खातो. तिसऱ्या दिवशी मादीचं तोंड उघडून अंडी काढून घ्या, नाहीतर ती उपाशी मरते. पिल्लं फार झाली तर नदीत सोडा.

या मजकुराला जोडलेला फोटो रेड हेड तापाजोस जिओफेगसचा आहे. म्हणजे मासा दक्षिण अमेरिकेतला आणि सूचना आफ्रिकेतल्या मलावी तलावातल्या माशांच्या, त्याही अर्धवट. फोटो बघून कुणी हा मासा आणला आणि सांगितल्याप्रमाणे सगळं केलं, तर पिल्लं तर मिळणार नाहीतच, मासेही हातचे जातील. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ‘आफ्रिकन’चं बघू. हे मासे सिक्लिड कुळातले. सिक्लिड आफ्रिकेत आहेत, मध्य आणि दक्षिण अमेरिकेत आहेत, मादागास्करमध्ये आहेत आणि आपल्याकडेही आहेत. कोकणातला काळुंदर सिक्लिडच, पण तो अंडी तोंडात घेत नाही. उलट दक्षिण अमेरिकेतले जिओफेगस, सॅटानोपर्का, जिम्नोजिओफेगस, बुजुर्किना यांच्यातल्या बऱ्याच जाती पिल्लं तोंडात सांभाळतात. रेड हेडचा तापाजोस हा ॲमेझॉनला मिळणारा नितळ, मऊ (कमी क्षारांच्या) पाण्याचा नदीप्रवाह. हौशी लोकांकडे हा मासा कित्येक वर्षं आहे, पण त्याला जिओफेगस पायरोसेफॅलस हे शास्त्रीय नाव 2022 मध्ये मिळालं.

अशा माशाच्या पाण्यात मीठ आणि शिंपले घालायचं काही कारण नाही. पीएच 6 ते 7.5, तापमान 27-28 अंश आणि पाणी शक्य तितकं मऊ, एवढं त्याला मानवतं. पुण्याला खडकवासल्याच्या धरणसाखळीतून मिळणारं पाणी म्हणजे सह्याद्रीतल्या पावसाचं पाणी. त्यातला क्लोरिन काढला की ते या माशांना चालतं. एक तर अँटीक्लोरिन वापरा, नाहीतर पाणी रात्रभर हवा सोडून ठेवा. ज्या सोसायट्यांमध्ये बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं, तिथे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) आधी मोजा. ते बरंच जड निघतं, मग थोडं आरओचं पाणी मिसळावं लागतं. देशी बदामाची दोन-चार वाळकी पानं टाकली तर उत्तमच. हीटर ही चैन नव्हे, गरज आहे. डिसेंबर-जानेवारीत पाषाण-शिवाजीनगरकडे पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा हे मासे खाणं सोडून कोपऱ्यात उभे राहतात.

वाळू नको, ही सूचना तर या माशाच्या मुळावरच येते. जिओफेगस दिवसभर वाळूचा घास घेतो, तोंडात घोळवतो, खाण्याजोगं ठेवून घेतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून सोडून देतो. समोर बसून बघा, कल्ल्याच्या झाकणाखालून वाळूची बारीक धार सुटताना दिसते. टोकदार रंगीत खडी घातली तर ओठ आणि कल्ले सोलवटतात, नुसती काच ठेवली तर त्याचा दिवसभराचा उद्योगच संपतो. बांधकामावरची क्रश सँड मात्र आणू नका. पुण्यात हल्ली बहुतेक तीच मिळते आणि काळा दगड फोडून केलेली असल्याने तिला धार असते. पाणी गाळायच्या टाक्यांत वापरतात ती बारीक, गोलसर सिलिका वाळू घ्या. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा आणि दीड-दोन इंचांचा थर द्या. घाण अडकत नाही, कारण मासेच वाळू सतत उलथीपालथी करत असतात.

दोन फुटी टँकबद्दल फार बोलायला नको. रेड हेड सहा-सात इंचांचा होतो आणि टोळीने राहतो. लहान असताना पाच-सहा आणून चार-पाच फुटी टँकमध्ये वाढवले की जोडी त्यांची ते जुळवतात. दुकानात ‘जोडी’ म्हणून मिळणारे दोन मासे जोडीचे असतीलच, याची खात्री कुणालाच देता येत नाही. दर आठवड्याला निम्मं पाणी बदला. माशांच्या घाणीतून तयार होणारं नायट्रेट साचलं की यांच्या डोक्यावर खड्डे पडू लागतात.

आता सगळ्यात घातक सूचना: तिसऱ्या दिवशी तोंड उघडा.

तोंडात पिल्लं सांभाळायच्या दोन तऱ्हा आहेत. मलावीतली मादी अंडं टाकताक्षणी उचलते. दक्षिण अमेरिकेत तसं करणारा प्रसिद्ध मासा म्हणजे कोलंबियातला रेड हंप, जिओफेगस स्टाइंडाखनेरी. रेड हेडची तऱ्हा वेगळी. जोडी एखादा सपाट दगड किंवा लाकूड घासून साफ करते, त्यावर अंडी चिकटवते आणि दोघं पहारा देतात. दोन-तीन दिवसांनी अंडी फुटायला आली की मग ते वळवळणारे जीव तोंडात उचलतात. म्हणजे तिसऱ्या दिवशी मादीला जाळीत धरून तोंड उघडलं, तर बहुधा तोंडात काही नसतं. जे आहे ते दगडावर, आणि राखण करणारी आई तुमच्या हातात. दचकलेली जोडी पुढच्या तासाभरात अंडी खाऊन टाकते. त्यातून पिल्लं तोंडात घेतलेली असली, तरी धरपकडीत ती गिळली जातात किंवा थुंकली जातात.

उपासमारीचंही तसंच. रेड हेडमध्ये आई आणि बाप दोघंही पिल्लं सांभाळतात. तोंडाखालची पिशवी फुगलेला मासा हळूहळू चघळल्यासारखं करत असतो, त्यामुळे पिल्लांना ताजं पाणी मिळत राहतं. मग दुसरा समोर येतो, पहिला पिल्लांचा पुंजका वाळूवर सोडतो, दुसरा ती भराभर टिपून घेतो आणि पहिला खायला निघतो. माझ्या मते मासे पाळण्यात याहून सुंदर दृश्य नाही. अशा वेळी नर काढून घेतला की मादीला खायला सोडवणारं कुणीच उरत नाही. रेड हंपची गोष्ट निराळी: तिथे मादी एकटीच दोन-तीन आठवडे सांभाळते आणि नर दुसऱ्या माद्यांमागे असतो. तिथे एका नराला तीन माद्या आणि लपायला भरपूर आडोसे हवेत. तिला फारच त्रास होत असेल तर रात्री दिवा बंद करून अलगद दुसरीकडे हलवावं. मजकुरातला नराबद्दलचा मुद्दा खरा असलाच तर एवढ्यापुरता.

‘खातो’ हा समज होतो तो पिल्लं पोहू लागल्यावर. आठवड्याभरात ती बाहेर येतात, आईबापांभोवती ढगासारखी फिरतात. कुणी काचेजवळ आलं की मोठा मासा थबकतो, डोकं किंचित खाली करतो आणि पिल्लं त्याच्या तोंडात शिरतात. लांबून बघणाऱ्याला ते गिळणंच वाटतं. दहा मिनिटं लांब उभे राहा, तीच पिल्लं परत बाहेर दिसतील. नव्या जोडीच्या पहिल्या एक-दोन खेपा खरंच फुकट जातात. त्याला इलाज धीर धरण्याचा, हात घालण्याचा नाही. पिल्लांना नुकती फुटलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव) दिवसातून तीन-चारदा द्या आणि फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा.

शेवटची सूचना नदीची. तोंडात पिल्लं सांभाळणारा मासा आपल्या पाण्यात सोडला की काय होतं, हे पुणे जिल्ह्याला शिकवायला नको. तशीच पिल्लं सांभाळणारी चिलापी (तिलापिया) 1952 मध्ये भारतात आणली गेली. आज उजनी धरणातल्या जाळ्यांत काय येतं ते भिगवणच्या बाजारात जाऊन बघा. मुळा-मुठेत सोडलेला मासा भीमेतून त्याच उजनीत पोचतो. पिल्लं जास्त झाली तर दुकानदाराला द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या. कुणी घेत नसेल तर पाण्यातला सपाट दगड काढून घ्या आणि जोडी काही महिने काचेच्या आडपडद्याने वेगळी ठेवा.