आजीच्या गोधडीला पट्टी लागत नव्हती, खरंय

ताई, क्विल्टचं कापड कापायला अ‍ॅक्रिलिकची पट्टी घ्या, या माझ्या पोस्टवर तुमचं म्हणणं असं, की आजीने जन्मभर मापाची पट्टी न लावता गोधड्या शिवल्या, मग घरात शिंप्याचा टेप आणि स्टीलची पट्टी असताना मी हजार-बाराशेची अ‍ॅक्रिलिकची पट्टी लोकांच्या गळ्यात का मारते. गळ्यात मारणं सोडलं, तर अर्धं मला मान्य आहे.

आजीचा हात तयार होता, पण तेवढंच कारण नाही. गोधडीत जुन्या लुगड्यावर तुकडा ठेवायचा, कडा आत दुमडायच्या, धावदोरा घालायचा. शेजारचा तुकडा आखूड निघाला तर थोडा वर सरकवायचा. चूक जागच्या जागी जिरते. माझी पोस्ट मात्र चौकोन एकमेकांना जोडून शिवायच्या क्विल्टबद्दल होती. तिथे दोन्हीकडून पाव-पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारी कड, ठरलेली, आणि चूक पुढे पुढे साठत जाते. प्रत्येक चौकोन अर्धं सूत, म्हणजे 1/16 इंच, कमी कापला तर आठ चौकोनांच्या ओळीत अर्धा इंच गेला. वरची ओळ बरोबर असेल तर कोपरे जुळत नाहीत, मग आपण ओढून शिवतो आणि मधे फुगा येतो. माझ्या पहिल्या क्विल्टला असा फुगा आहे. मांजर नेमकं त्याच्यावरच बसतं.

टेप अंगाची मापं घ्यायला. जुना झाला की ताणतो, आणि त्याच्या कडेने कापता येत नाही. खडूने रेघ मारून कात्रीने कापणार असाल तर स्टीलची पट्टी खुशाल वापरा, फक्त शून्य अगदी टोकावर आहे ना ते बघा. पण 1979 मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने आणलेला रोटरी कटर, म्हणजे चाकासारखा फिरवून कापड कापायचा कटर, हातात असेल, तर त्याचं गोल पातं पातळ स्टीलवर सहज चढतं आणि तिथून बोटावर. माझ्या डाव्या तर्जनीचं नख अजून वाकडं वाढतं! अ‍ॅक्रिलिकची पट्टी साधारण तीन मिलिमीटर जाड असते, पातं तिच्या कडेला टेकून चालतं. शिवाय आरपार दिसतं, म्हणजे कापड तिच्या रेघेखाली बसवता येतं.

लांबी चोवीस इंच का? चव्वेचाळीस पन्ह्याचं कापड दुमडलं की बावीस होतं, एका दमात कापलं जातं. बारा इंची पट्टी मधे सरकवावी लागते आणि तिथे पायरी पडते. पट्टीची आडवी रेघ कापडाच्या घडीवर चोख बसवायची, नाहीतर उलगडल्यावर कापलेला तुकडा घडीपाशी कोपरासारखा वाकलेला निघतो. पट्टी घसरत असेल तर खाली पॉलिश पेपरचे चार बारीक तुकडे चिकटवा.

आता माझी चूक. 'तीन पट्ट्या घ्या' असं मी लिहिलं होतं, त्याची गरज नाही. सहा बाय चोवीसची एक पुरे. उलट दोन वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्यांवर रेघांची जाडी वेगळी असू शकते, त्यामुळे एक क्विल्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पट्टीने कापलेला बरा. पोस्टमधली ती ओळ आजच बदलते.