तापाची गोळी घामावाटे निघून जात नाही

तेंदूपत्त्याच्या हंगामात गडचिरोली-गोंदियाकडे एक मेसेज फिरतोय: "उन्हात राबणाऱ्याचं औषध घामासोबत वाहून जातं, म्हणून तापाची गोळी दुप्पट घ्या." हे साफ चुकीचं आहे आणि जिवावर बेतणारं आहे.

तापाची ही गोळी म्हणजे पॅरासिटामॉल. ती पोटात विरघळते, लहान आतड्यातून रक्तात शिरते आणि साधारण तासाभरात जोरात असते. घामातून तिचा अगदी नगण्य अंश जातो. खरं काम यकृत करतं. बहुतेक औषध तिथे निरुपद्रवी होऊन लघवीवाटे बाहेर पडतं. थोड्या भागाचं मात्र विषारी द्रव्य बनतं आणि ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ ते निकामी करतो. डोस वाढला की हा साठा संपतो, मग यकृताच्या पेशी मरू लागतात. उपाशीपोटी राबणाऱ्यांत आणि रोज मोहाची दारू घेणाऱ्यांत साठा आधीच कमी असतो. म्हणजे मेसेज ज्यांना दुप्पट घ्या म्हणतो, धोका त्यांनाच जास्त!

धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या 8 गोळ्या. दोन डोसांत किमान चार तास हवेतच. किरकोळ अंगाच्या किंवा दारू पिणाऱ्या माणसाने याहून कमी घ्यावी, किती ते डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या गोळ्यांतही बहुधा हेच औषध असतं, पाकीट वाचा.

जास्त गोळ्या गेल्या असतील तर त्रास होण्याची वाट पाहू नका. पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसू शकतो. या विषावर उताऱ्याचं औषध आहे, पण ते पहिल्या आठ तासांत सर्वात चांगलं लागू पडतं. पाकीट सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.