सीडी नंबर दोन

कालपासून डोकं फिरलंय. मला घरच्या कॉम्प्युटरसाठी एक डीव्हीडी ड्राइव्ह घ्यायचा होता, बस, एवढंच. कुणाची मुलगी मागायला नव्हतो गेलो. पण चौकशी मात्र तेवढीच झाली.

भानगड अशी की बायकोचं म्हणणं, २००४ साली आमच्या लग्नात माझे मामा जिलेबी वाढताना तिच्या बाबांचं पान वगळून पुढे गेले. मी म्हणतो वाढली. वीसेक वर्षं खटला चालू आहे, दर दिवाळीला तारीख पडते. पुरावा आहे तो लग्नाच्या व्हीसीडीत, म्हणजे व्हिडिओ भरलेल्या सीडीत. एका सीडीत ८० मिनिटांच्या वर मावत नाही म्हणून व्हिडिओवाल्याने आमच्या लग्नाचे तीन तुकडे केले होते, त्यातला दुसरा तुकडा म्हणजे पंगत. कॅसेटला बुरशी लागते, सीडी घ्या, जन्मभर टिकेल असं तोच म्हणाला होता.

जुना ड्राइव्ह माळ्यावर आहे, पण त्याला ती रुंद पट्टीसारखी ४० पिनांची केबल लागते आणि नव्या मदरबोर्डवर ती खोचायला जागाच नाहीये. साटावाला, म्हणजे नव्या बारीक केबलचा आणावा तर कॅबिनेटला सव्वापाच इंची खण नाही. पूर्वी प्रत्येक डब्ब्याला दोन-दोन खण असायचे, आता तिथे काच, आणि काचेमागे रंगीत दिवेवाले पंखे, गणपतीच्या आराशीसारखे. आरास केलीये पण गणपती बसवायला जागा नाही अशी गत. मुलाने निवडलाय तो डब्बा, पैसे माझे.

तर पुण्यातली तापकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत माझ्या दोन प्रदक्षिणा झाल्या, ते सोडा. दुकानातला विशीतला पोरगा म्हणाला, "सीडी? काका, यूट्यूबवर नाही का तुमचं लग्न?" मी काही बोलायच्या आत त्याने आत हाक मारली, "शेठ, सीडी ड्राइव्ह आहे का आपल्याकडे?" आतून आवाज, "कुणाला पायजे?" आणि मग शेठ स्वतः बाहेर आला, माल घेऊन नाही, नुसता मला बघायला.

शेवटी काउंटरवर दोन वस्तू आल्या. एक नवीन, चपटा, यूएसबीवाला, सोळाशे. दुसरा कुठल्यातरी मेलेल्या लॅपटॉपमधून काढून केसिंगमध्ये घातलेला, साडेचारशे. केसिंग साडेनऊ मिलिमीटरवालं आणि आतला ड्राइव्ह १२.७ चा, त्यामुळे झाकण रबरबँडने बसवलेलं. मी तो हातात घेऊन बघतोय तेवढ्यात कानाशी कुणीतरी ओरडलं, "चोवीस एक्सचा मागा!"

वळून बघितलं तर हेल्मेट. आत एक काका. काच वर केलेली, पण हेल्मेट काही काढलेलं नाही, कारण मागचं चोरीला गेलं होतं म्हणे. त्यामुळे त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता आणि बाकी सगळ्या गल्लीला येत होता. आले होते चार्जर दुरुस्त करून घ्यायला.

"हा आठ एक्सचा आहे! चोवीसचा घ्या, लग्न लवकर उरकेल!"

म्हटलं, अहो एक्स म्हणजे वेगाची पट, आणि आठ ती डीव्हीडी लिहिण्याची. व्हीसीडी बघताना एक एक्सच्या वेगाने चालते, मंगलाष्टकं तेवढीच लांब राहणार.

"काय?"

"एक एक्स!"

"एकच? मग घेताय कशाला?"

इथे मी चूक केली. मी कारण सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, पण त्यांना ऐकू आलं नाही म्हणून परत सांगितलं, मग तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा सांगेपर्यंत आतला सोल्डरिंग करणारा माणूससुद्धा बाहेर आला होता. काकांनी लगेच कोर्ट भरवलं. "जिलेबी की मठ्ठा?" "जिलेबी." "सासरे डायबेटिसवाले का?" "तेव्हा नव्हते." "मग मामा चुकले!" मी म्हटलं, अहो वाढली की नाही हाच तर वाद आहे. "वाद आहे म्हणजे नाहीच वाढली! वाढलेली जिलेबी कुणी विसरतं का?" शेठने मान डोलावली. ज्या माणसाला मी सोळाशे रुपये देणार होतो त्याने माझ्याविरुद्ध मान डोलावली.

आणि मग काकांनी माझ्या हातातलं सीड्यांचं पाकीट घेतलं, सीडी नंबर दोन बाहेर काढली, ट्यूबलाइटकडे धरली, "डाग आहेत" म्हणाले, हेल्मेटमधूनच, चष्म्यावर करतात तसं सीडीवर हा केलं आणि खिशातल्या रुमालाने पुसायला लागले. गोल. गोल गोल. कढईतला चिवडा परतावा तसे.

आता बघा, सीडीवर सगळं एकाच लांबलचक गोल वळणावर लिहिलेलं असतं. आडवा ओरखडा पडला तर ड्राइव्ह इकडचं तिकडचं जुळवून भागवतो, पण गोल ओरखडा म्हणजे ओळीच्या ओळी सलग पुसल्या. त्यात व्हीसीडीत जास्त मिनिटं बसवायच्या नादात चुका दुरुस्त करायची सोयच कमी ठेवलेली. म्हणून मधून बाहेर सरळ पुसायचं. हे मी त्यांना ओरडून सांगितलं तर म्हणाले, "मग पांढरी टूथपेस्ट लावा, जेल नको!"

माझं काय चुकलं हो? मी वस्तू जपून ठेवली. वीस वर्षं, पाकिटात, कपाटात. ज्यांनी विकली त्यांनी जन्मभर म्हणून विकली आणि वाचायचं यंत्र मात्र गुपचूप काढून घेतलं, आणि आता ते मागायला गेलं तर गल्लीसमोर आपल्या मामांची अब्रू. बर, परत घेणार का विचारलं तर शेठ म्हणतो, "सीडीचा माल एकदा गेला की गेला."

नवा घेतला. घरी पुढच्या पोर्टला लावला तर नुसता टक टक करत राहिला, करंट पुरत नव्हता, मग टेबलाखाली आडवं होऊन मागच्या पोर्टला लावला. चालला! बदामाच्या आकारात सासूबाई आल्या, गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, पंगत बसली, मामा आले, हातात ताट, सासऱ्यांच्या शेजारच्याच्या पानावर एक जिलेबी पडली, मामा पुढे वाकले, आणि सगळ्या चित्राचे चौकोन चौकोन झाले. चौकोन सरले तेव्हा मामा तीन पानं पुढे.

"मुद्दाम केलंस ना?" बायको म्हणाली.

काकांनी निघताना माझा नंबर घेतला होता, निकाल कळवा म्हणून. आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सूर्योदयाच्या फोटोखाली मेसेज: "वाढली का?"