केमो चालू आहे म्हणून मांजर सोडून येऊ नका

नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. घरात कॅन्सरचा किंवा किडनी बदललेला पेशंट असेल तर मांजर ताबडतोब बाहेर सोडा, तिच्या केसांतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू श्वासावाटे मेंदूत जातो, पाळायचंच तर मासे, कासव किंवा पोपट पाळा. आईची केमो चालू असताना मावशीने हाच मेसेज पाठवला आणि मनीला पिशवीत घालून मंडईत सोडायचं जवळजवळ ठरलंच होतं.

केसांतून हा जंतू येत नाही. तो मांजराच्या विष्ठेतून पडतो, तोही सहसा पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडेच. पडल्यापडल्या त्याची बाधा होत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराच्या शीचा ट्रे रोज साफ करायचा, आणि पेशंटने नाही. आमच्याकडे सकाळच्या चहाआधी हातमोजे घालून ते काम मी करायचे. मनीला कच्चं मांस बंद, बाहेर उंदरांमागे जाणं बंद. अर्धकच्चं मटण आणि न धुतलेली भाजी यांतूनही हाच जंतू पोटात जातो, त्यावर मेसेजमध्ये अवाक्षर नाही. शिवाय अशा पेशंटच्या मेंदूत तो त्रास देतो तेव्हा बहुतेक वेळा शरीरात आधीपासून दबून असलेली लागणच उफाळलेली असते. आज मांजर घालवून ती कशी जाणार?

मला खरी धास्ती होती ओरखड्याची. पिसवा झालेल्या मांजराच्या, विशेषतः पिल्लांच्या नखांतून बार्टोनेला नावाचा जंतू अंगात शिरतो. खेळताखेळता मनीने एकदा आईच्या मनगटावर नख मारलं, सुईने ओढल्यासारखी बारीक रेघ. "काही नाही गं," आई म्हणाली. तरी लगेच नळाखाली साबणाने धुतलं आणि डॉक्टरांना फोन केला. कुत्रं असेल तर त्याला जखम चाटू देऊ नका. त्याच्या लाळेतला कॅप्नोसायटोफागा नावाचा जंतू प्लीहा (पाणथरी) काढलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

आणि सुचवलेले पर्याय? धडधाकट दिसणारं कासवही साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू पसरवतं. अमेरिकेत 4 इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर 1975 पासून बंदी आहे, ती याचमुळे. खरचटलेला हात माशांच्या टाकीत घातला तर मायकोबॅक्टेरियम मरिनम या पाण्यातल्या जंतूमुळे गाठी उठू शकतात. पोपटापासून सिटॅकोसिस या पक्ष्यांकडून येणाऱ्या आजाराचा न्यूमोनिया होतो, आणि आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे.

या काळात रस्त्यावरचं नवं पिल्लू मात्र घरी आणू नका. घरातल्या जनावराला जुलाब लागले तर पेशंटला त्याच्यापासून लांब ठेवा आणि जनावराला त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.