विंगरला वाजवता येत नव्हतं?

ग्लॅम मेटल हा १९८०च्या दशकातला भडक वेशभूषेचा रॉक प्रकार; विंगर, मोटली क्रू, रॅट आणि पॉयझन हे त्यातले बँड. त्याबद्दल एक मजकूर सारखा फिरतो: ‘ग्लॅम मेटल म्हणजे नुसते फुगवलेले केस. मोटली क्रू सोडले तर वाजवता कुणालाच येत नव्हतं, त्यात विंगर सर्वांत टाकाऊ. रॅटमध्ये तर एका गिटारवाल्याचं काम दोघे करायचे.’

आधी विंगर. त्यांचा ड्रमर रॉड मॉर्गनस्टीन डिक्सी ड्रेग्ज या फ्यूजन (जॅझ-रॉक मिश्रण) बँडमधून आला आणि पुढे बर्कली कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकवू लागला. बेसवर किप विंगर. त्याच्या वाद्यवृंदासाठीच्या रचनेला ग्रॅमी नामांकन मिळालं. मग नाव का खराब झालं? ‘बीव्हिस अँड बट-हेड’ या कार्टूनमध्ये ज्याची टिंगल व्हायची तो पोरगा, स्ट्युअर्ट, विंगर बँडचा टी-शर्ट घालायचा. त्या हशाचा वादनाशी काहीएक संबंध नाही.

रॅटचा मुद्दा तर अगदीच चुकीचा. ‘राउंड अँड राउंड’ या गाण्याचा (१९८४) सोलो, म्हणजे गिटारचा एकल तुकडा, रॅटचा गिटारवादक वॉरन डीमार्टिनी सुरू करतो, मग दुसरा गिटारवादक रॉबिन क्रॉस्बी त्याला हार्मनीत, म्हणजे तीच चाल वेगळ्या उंचीच्या सुरांत वाजवून, साथ देतो. यातली मेख बोटाने तार बाजूला ओढून सूर चढवण्यात असते. साधं उदाहरण घ्या: खालच्या सुराचा वादक ‘ग’वरून ‘म’वर तार ओढतो, म्हणजे एका फ्रेटइतकी (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरची पट्टी). त्याच क्षणी वरचा ‘प’वरून ‘ध’वर जातो, म्हणजे दोन फ्रेटइतकी. अंतरं वेगळी, पोचायचं एकदमच. एकजण जरा उतरला तरी डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गिटारच्या मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजात, ती तफावत घरघरत बाहेर येते. हे एकट्याच्या हातचं काम नव्हे.

मोटली क्रूचं कौतुक रास्त आहे, पण कारण वेगळं. वेगात त्यांचा गिटारवादक मिक मार्स डीमार्टिनीच्या जवळपासही नाही. त्याची ताकद वजनात आहे. गिटार पूर्ण एक सूर खाली, ‘ई’ऐवजी ‘डी’ला लावलेली. अशा सैल तारेवर प्लेक्ट्रम (तार छेडायची नखी) जोरात मारलं की सूर क्षणभर चढतो आणि कॉर्ड बेसूर होते. उपाय: जाड तारा आणि डाव्या हाताचा हलका दाब. ‘डॉ. फीलगुड’ या अल्बमच्या (१९८९) वेळी निर्माता बॉब रॉकने प्रत्येकाचं वादन वेगवेगळं ध्वनिमुद्रित केलं. तिथे कुणाच्या आड लपायची सोयच नव्हती. तो आवाज ऐकूनच मेटॅलिका या मेटल बँडने रॉकला बोलावलं.

पॉयझनबद्दल मात्र टीकाकारांचं थोडं खरं आहे. त्यांचा गिटारवादक सी. सी. डीव्हिलचे सोलो ढिसाळ वाटतात. त्या बँडची गाणी चालीवर तरली, बोटांवर नाही.