‘कशाने होत नाही कॅन्सर?’ हे वाक्य आता पुरे

‘आता कशाने कॅन्सर होत नाही, ते तरी सांगा!’ हे वाक्य कानावर पडलं की मला राग येतो, आणि तो लपवावासाही वाटत नाही. बहुतेक वेळा ते सिगारेट पेटवता पेटवता किंवा ग्लास भरता भरता म्हटलं जातं. हवेत विष, पाण्यात विष, खाण्यात विष, मग माझ्या एका सवयीने असं काय बिघडणार आहे, हा त्यामागचा हिशेब. दुसऱ्या टोकाला धास्तावलेली माणसं दिसतात. रोज नवा फॉरवर्ड येतो. मायक्रोवेव्ह बंद होतो, मोबाइल उशीपासून लांब ठेवला जातो, आणि त्याच घरातलं कुणीतरी खिडकीशी उभं राहून रोजचं पाकीट संपवत असतं. त्याबद्दल मात्र कुणी ब्र काढत नाही.

या दोन्ही टोकांना प्रमाणाचं भान सुटलेलं असतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे.

आपला डीएनए, म्हणजे पेशीपेशीत रासायनिक अक्षरांनी लिहिलेला सूचनांचा मजकूर, मुळातच नाजूक आहे. बाहेरून काहीही मारा झाला नाही तरी शरीरातल्या उबेने आणि पाण्याने तो सतत मोडत असतो. टोमास लिंडाल यांनी हे 1970 च्या दशकात दाखवून दिलं. एका पेशीत दिवसाला साधारण 10,000 ठिकाणी डीएनएची अक्षरं गळून पडतात. शिवाय पेशी दुभंगताना नक्कल करण्यात चुका होतात, आणि आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन वापरताना तयार होणारी द्रव्यंही डीएनएला इजा करतात. एवढं होऊनही आपण वर्षानुवर्षं धडधाकट राहतो, कारण दुरुस्ती अखंड चालू असते. गळलेलं अक्षर बसवणारी प्रथिनं वेगळी, नकलेतली चूक हुडकणारी वेगळी, उन्हाने चिकटून बसलेली अक्षरं कापून काढणारी वेगळी. या तीन दुरुस्त्या उलगडल्याबद्दल लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सान्जार यांना 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ही दुरुस्ती नसेल तर काय होतं, हे झेरोडर्मा पिगमेंटोसम नावाच्या दुर्मीळ आजारात दिसतं. या मुलांमध्ये उन्हाने झालेली इजा दुरुस्त करणारी यंत्रणा जन्मतःच अधू असते. जेम्स क्लीव्हर यांनी 1968 मध्ये ते शोधून काढलं. इतरांना म्हातारपणी होणारे त्वचेचे कॅन्सर या मुलांना दहा वर्षांची होण्याआधीही होऊ शकतात. ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं. तुमच्याआमच्या पेशींत त्याची दुरुस्ती होते, त्यांच्या पेशींत होत नाही.

म्हणजे इजा रोजचीच आहे. आपण तिच्यात किती भर घालतो आणि दुरुस्तीला किती वेळ देतो, यावर बरंच ठरतं. ‘सगळ्यानेच होतो’ म्हणणारा माणूस नेमकी ही भर मोजायला तयार नसतो.

आणि ही भर मोजता येते! तंबाखूच्या बाबतीत तर ती विलक्षण नेमकी मोजली गेली आहे. त्यामागे जवळजवळ अडीचशे वर्षांचं काम आहे. 1775 साली लंडनमधले शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांच्या लक्षात आलं, की लहानपणी धुराडी साफ करायला आत उतरवलेल्या मुलांना मोठेपणी अंडकोशाच्या कातडीचा कॅन्सर होतो. काजळी तिथल्या घड्यांमध्ये साचून राहायची. पुढे 1915 मध्ये जपानचे यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने कोळशाचं डांबर चोळून प्रयोगशाळेत कॅन्सर घडवून दाखवला. 1930 च्या दशकात लंडनच्या संशोधकांनी त्या डांबरातून बेन्झोपायरीन हे द्रव्य वेगळं काढलं. तेच सिगारेटच्या धुरातही असतं.

या बेन्झोपायरीनची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे द्रव्य आहे त्या रूपात डीएनएला चिकटत नाही. ते बाहेर टाकता यावं म्हणून शरीर त्याला पाण्यात विरघळणाऱ्या रूपात आणायला जातं, आणि त्या वाटेवर मध्येच त्याचं एक अतिशय चिकट रूप तयार होतं. ते डीएनएमधल्या ग्वानिन या अक्षराला जाऊन बसतं. पेशी दुभंगेपर्यंत ते निघालं नाही, तर नक्कल करताना त्या जागी चुकीचं अक्षर लागतं आणि ती चूक कायमची होते. पेशीची वाढ आवरून धरणारं पी-53 नावाचं एक जनुक आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ते ज्या ठिकाणी पुन्हापुन्हा बिघडलेलं सापडतं, नेमक्या त्याच ठिकाणी हे द्रव्य जास्त चिकटतं, असं 1996 मध्ये दिसलं. ‘माझे आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. आजोबांच्या पेशींतही तेच चाललेलं होतं. त्यांच्या बाबतीत चुकीच्या जागी चुकीची चूक झाली नाही, इतकंच.

2016 मध्ये कॅन्सरच्या हजारो गाठींमधला डीएनए वाचून संशोधकांनी आणखी एक हिशेब मांडला. रोज एक पाकीट, असं वर्षभर ओढलं तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी सुमारे 150 म्युटेशन, म्हणजे डीएनएमधल्या कायमच्या चुका, वाढतात. स्वरयंत्रात साधारण 97, तोंडात 23, आणि जिथे धूर कधी पोचतच नाही त्या मूत्राशयात 18. रक्तात मिसळलेली द्रव्यं लघवीवाटे बाहेर पडताना तिथेही आपलं काम करून जातात. हे आकडे एका वर्षाचे आहेत. वीस वर्षांचा गुणाकार ज्याचा त्याने करावा. बिनधुराच्या तंबाखूलाही यातून सूट नाही. तिच्यातली नायट्रोसामाइन्स नावाची द्रव्यं हाच उद्योग तोंडात आणि अन्ननलिकेत करतात.

आता ‘इतकी वर्षं झाली, आता सोडून काय उपयोग’ या वाक्याकडे येते. पहिल्या वाक्याइतकंच हेही माझ्या डोक्यात जातं. 2020 मध्ये एका अभ्यासात धूम्रपान सोडलेल्यांच्या श्वासनलिकेतल्या एकेक पेशीचा डीएनए वाचला गेला. काही जणांमध्ये तर 40 टक्क्यांपर्यंत पेशी जवळजवळ कधीच न ओढणाऱ्या माणसासारख्या होत्या. बिघडलेल्या पेशी सुधारल्या, असा याचा अर्थ नाही. कुठेतरी आडोशाला राहिलेल्या, कमी इजा झालेल्या पेशी असाव्यात, आणि मारा थांबल्यावर त्यांनी हळूहळू जागा परत घेतली असावी. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांवर 1951 मध्ये सुरू केलेला अभ्यास पन्नास वर्षं चालला. त्यात साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सरासरी 3, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना 6, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना 9 आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना 10 वर्षं आयुष्य जास्त मिळालेलं दिसलं. साठाव्या वर्षीसुद्धा तीन वर्षं! ती कुणाला कमी वाटत असतील, तर ज्याच्या घरातून माणूस तीन वर्षं आधी गेला आहे त्याला विचारा.

दारूबद्दल थोडक्यात. शरीर अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड करतं आणि ते डीएनएला थेट इजा करतं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन या सगळ्यांच्या कॅन्सरशी दारूचा संबंध पक्का झालेला आहे. ‘मी फक्त चांगली दारू घेतो’ याने फरक पडत नाही. बाटली कितीही महाग असली तरी आतलं अल्कोहोल तेच.

मग कॅन्सर घडवणाऱ्या गोष्टींच्या त्या प्रसिद्ध यादीचं काय, असं कुणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर घडवतात हे पक्कं ठरलेल्या गोष्टींत, तंबाखू, ॲस्बेस्टॉस, प्लुटोनियम आहे, आणि 2015 पासून प्रक्रिया केलेलं मांसही आहे. तेव्हा ‘सॉसेज सिगारेटइतकंच घातक’ अशा बातम्या जगभर झाल्या. पण ती यादी पुरावा किती भक्कम आहे एवढंच सांगते. घातकपणा किती, हा प्रश्न तिच्यात नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वेळी अंदाज दिले होते. जगभरात वर्षाला प्रक्रिया केलेल्या मांसामुळे सुमारे 34,000 कॅन्सरमृत्यू, हवेच्या प्रदूषणामुळे 2 लाखांवर, दारूमुळे सुमारे 6 लाख आणि तंबाखूमुळे सुमारे 10 लाख. एकाच गटातल्या या गोष्टींमध्ये इतकं अंतर आहे. हे चार आकडे बातमीच्या मथळ्यात आले असते, तर कितीतरी गोंधळ टळला असता.

आता हवेबद्दल, कारण तिथे कहाणी जरा वळण घेते. फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या कितीतरी लोकांनी आयुष्यात कधी सिगारेट हातात धरलेली नसते. त्यांच्या गाठींत धुराच्या त्या ओळखीच्या खुणाही फारशा सापडत नाहीत. 2023 मध्ये आलेल्या संशोधनात 295 जणांच्या निरोगी दिसणाऱ्या फुप्फुसाचे नमुने तपासले गेले. त्यातल्या 18 टक्के नमुन्यांत ईजीएफआर या जनुकात कॅन्सरला पोषक म्युटेशन आधीच होतं. वाढत्या वयाबरोबर अशी म्युटेशन आपोआप साठत जातात, आणि बहुतेकदा त्या पेशी निपचित पडून राहतात. हवेतले अतिसूक्ष्म कण, ज्यांना पीएम 2.5 म्हणतात, ते नवी म्युटेशन फारशी करत नाहीत. ते फुप्फुसात दाह निर्माण करतात, आणि त्या दाहाने निपचित पेशी वाढीला लागतात. उंदरांमध्ये दाहाचा तो एक संदेश अडवला, तर गाठी कमी झाल्या. लठ्ठपणा एकूण तेरा प्रकारच्या कॅन्सरशी जोडला गेला आहे. तिथेही दाह आणि वाढीची संप्रेरकं यांचा मोठा वाटा आहे. डीएनएची इजा हा कहाणीचा एक भाग झाला. बिघडलेल्या पेशीला वाढायला रान कोण मोकळं करून देतं, हा दुसरा.

हे समजल्यावर एक गोष्ट तरी आपण ताबडतोब थांबवू शकतो. माझ्या मावशीला फुप्फुसाचा कॅन्सर झाला तेव्हा भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पहिला प्रश्न विचारायचा, ‘पण त्या तर काहीच ओढत नव्हत्या ना?’ त्या प्रश्नात दडलेला संशय तिला कळायचा. आजाराशी झुंजता झुंजता तिला स्वतःची निर्दोष असल्याची साक्षही द्यावी लागली. तोमासेट्टी आणि व्होगेलस्टाइन या संशोधकांनी 2017 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार कॅन्सरमधली सुमारे दोन तृतीयांश म्युटेशन पेशीच्या नकलेतल्या निव्वळ चुकांमधून येतात. याचा अर्थ दोन तृतीयांश कॅन्सर टळणारे नाहीत असा होत नाही. गाठ व्हायला एकाहून जास्त म्युटेशन लागतात आणि त्यातलं एक टाळलं तरी गाठ टळू शकते. एकूण कॅन्सरपैकी 30 ते 50 टक्के टाळता येण्यासारखे आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण समोर बसलेल्या एका रुग्णाच्या बाबतीत ‘तुझ्यामुळेच झालं’ असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. ज्याने आयुष्यभर सिगारेट ओढली त्यालाही तसं म्हणू नये. त्याला ती सवय लावण्यासाठी एका अख्ख्या उद्योगाने पैसा ओतलेला असतो.

आणि भीती विकणाऱ्यांबद्दलही बोलायलाच हवं. ‘डीएनए दुरुस्त करणाऱ्या’ गोळ्या, अँटिऑक्सिडंटच्या बाटल्या, डिटॉक्सचे कार्यक्रम. सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल, अशी एके काळी शास्त्रज्ञांनाही खात्रीशीर आशा होती. फिनलंडमध्ये 29,000 हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर ते करून पाहिलं. 1994 मध्ये निकाल आला: गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच चाचणी 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. वनस्पतीतून आलेलं म्हणून निर्धोक, हेही खरं नाही. काही वनौषधींमध्ये असलेलं ॲरिस्टोलोकिक ॲसिड मूत्रमार्गाच्या कॅन्सरला कारणीभूत ठरतं, आणि डीएनएवर इतकी ठळक खूण सोडतं की गाठ वाचून ते ओळखता येतं.

एकट्या माणसाच्या निग्रहावर सगळं सोपवणं मला मान्य नाही. सिगारेट सोडता येते. रस्त्यावरची हवा किंवा कारखान्यातली धूळ एकट्याला सोडता येत नाही. ॲस्बेस्टॉसचे तंतू आणि सिगारेट एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढतो, हे 1968 पासून माहीत आहे. त्या कामगाराला फक्त ‘सिगारेट सोड’ असा सल्ला देऊन घरी पाठवणारी व्यवस्था अर्धंच काम करते. डिझेलचा धूर 2012 मध्ये आणि बाहेरची प्रदूषित हवा 2013 मध्ये पहिल्या गटात गेली. त्यावरचे निर्णय सरकारांनी आणि कंपन्यांनीच घ्यायचे आहेत, आणि ते मागायचा आपल्याला हक्क आहे.

शेवटी कामाचं. तंबाखू सोडायची असेल तर नुसत्या मनोबळावर विसंबू नका. निकोटीनची पट्टी, च्युइंगगम, व्हॅरेनिक्लीनसारखी औषधं आहेत. डॉक्टरांना विचारा, आणि पुन्हा सुरू झाली तर लाजून न बसता पुन्हा जा. घरात मुलं असतील तर हिपॅटायटिस बी आणि एचपीव्ही या विषाणूंवरच्या लशींबद्दल त्याच भेटीत विचारून घ्या. एक यकृताचा आणि दुसरी गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळते, आणि एचपीव्हीची लस मुलींप्रमाणे मुलग्यांनाही देता येते.